आप्पांची गोटी आणि साडूंचं कोर्ट

आमच्या ह्यांच्या पोटात दुखतं. औषध घेऊन जाण्यासारखं नाही ते दुखणं. दुसऱ्याचं बरं झालं की दुखतं, आणि तो दुसरा माझ्या ताईचा नवरा असला की जरा जास्तच दुखतं. लग्नाआधी हे मला कोणी सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तरी मी ह्यांच्याशीच लग्न केलं असतं म्हणा, कारण माणूस कामाला खणखणीत आहे, आणि तेव्हा दिसायलाही बरा होता.

हे लाकडी जमिनी बसवतात. घरातल्या खोल्या, दुकानं, नाचाचे वर्ग, जिथे कोणाला पायाखाली लाकूड हवं असेल तिथे. दिवसभर गुडघ्यांवर असतात, गुडघ्यांना रबरी गाद्या बांधून. फळीला फळी लावायची, सांधा बसला की हातोडीने हलकेच ठोकायचं, कान देऊन ऐकायचं, पोकळ वाजलं तर उचकटून पुन्हा बसवायचं. फटी भरायला भुसा आणि डिंक कालवून देणं आणि कडेकडेने ब्रशने पॉलिश मारणं हे माझं काम, म्हणून माझी नखं कायम तपकिरी. इतकी वर्षं खाली बघून बघून ह्यांची मानच तशी झालीय. कोणाच्या घरी गेलो की आधी जमीन, मग माणसं. एकदा ओळखीच्यांकडे नवं बाळ बघायला गेलो होतो. परत येताना रस्त्यात मला विचारतात, मुलगा होता की मुलगी? पाळण्याखालची फळी फुगलीय हे मात्र बरोबर पाहून आले होते.

हे काम ह्यांना माझ्या वडिलांनी शिकवलं. आप्पा म्हणजे ह्या धंद्यात मुरलेला माणूस. त्यांच्या हाताखाली दोन पोरं होती आणि त्यांना दोन मुली होत्या, तेव्हा पुढे काय झालं ते सांगायला नको. थोरल्याला ताई मिळाली, धाकट्याला मी. भाऊजी बोलण्यात पटाईत, हे हाताने. आप्पा म्हणायचे, थोरला गिऱ्हाईक गप्प करतो आणि धाकटा फळी गप्प करतो, म्हणजे कुरकुरू देत नाही. दोघांचं तेव्हा गूळपीठ होतं. एका डब्यात जेवायचे, एकाच हातोडीवरून भांडायचे आणि संध्याकाळी एकाच सायकलवरून घरी यायचे.

मग आप्पांचे हात थरथरायला लागले आणि त्यांनी आपली हत्यारं दोघांत वाटून टाकली. तिथे माशी शिंकली. जमीन घासायचं मोठं मशीन भाऊजींना दिलं आणि ह्यांना दिली गोटी. काचेची गोटी, पोरं खेळतात तसलीच, आत निळा पीळ असलेली. काम संपलं की आप्पा ती गोटी जमिनीवर ठेवायचे आणि हात मागे बांधून उभे राहायचे. गोटी जागची हलली नाही तर म्हणायचे, झालं. आपोआप निघाली तर अंगातला कोट पुन्हा काढायचे आणि गुडघे टेकायचे. गिऱ्हाईकाने पसंत केलं तरी गोटीने पसंत केल्याशिवाय आप्पा घरी आले नाहीत कधी.

आता मशीन आणि गोटी ही काय वाटणी झाली? हे अजून म्हणतात, त्याला धंदा दिला, मला खेळणं दिलं. मशीनच्या जोरावर भाऊजींनी मोठी मोठी कामं घेतली, हाताखाली माणसं ठेवली, आता स्वतः गुडघे टेकत नाहीत. ह्यांनी त्यांचं नावच पाडलंय, मशीनवाले. मशीनवाल्यांनी नवी गाडी घेतली. मशीनवाले सुट्टीवर गेले. मशीनवाल्यांचं पोट सुटलंय. हे शेवटचं सांगताना तेवढा आवाज जरा गोड होतो. आणि ज्या गोटीला खेळणं म्हणतात ती मात्र रोज सकाळी किल्ल्यांबरोबर खिशात जाते. आठवण राहिली नाही तर अर्ध्या रस्त्यातून परत येतात.

मीही काही धुतल्या तांदळासारखी नाही. ताईचं स्वयंपाकघर एवढं मोठं आहे की चहा उकळेपर्यंत ती त्यात फेऱ्या मारते. तिची नखं बघितली की मी माझे हात टेबलाखाली घेते. ती आमच्याकडे आली की निघताना न चुकता म्हणते, तुझं बाई छान आहे, छोटंसं, आवरायला सोपं. ती गेली की मी भांडी घासायला काढते आणि एकेक आपटून ठेवते. एकदा मात्र बोलता बोलता तिच्या तोंडून निसटलं. म्हणाली, एवढं सगळं झालं तरी आमचे हे अजून मधूनच म्हणतात, आप्पांनी गोटी त्याला दिली, मला नाही. हे मी घरी येऊन सांगितलं नाही. का सांगू? ह्यांच्या पोटातलं दुखायचं थांबलं असतं, आणि माझं एकटीचंच दुखत राहिलं असतं.

आता आमच्या मुलीचं. ती अंगाने अशी काही उंच वाढली की वर्गात तिला शेवटच्या बाकावर बसवतात आणि हे तिला शिडी म्हणतात. बास्केटबॉल म्हणजे तिचा जीव की प्राण. घरात चेंडू आपटायला बंदी, कारण घरातली जमीन ह्यांनी बसवलेली, म्हणून ती जिन्यात आपटते आणि खालच्या मजल्यावरच्या आजी आमच्याशी बोलत नाहीत. लहान मुलींच्या गटात ती जुन्या हॉलवर खेळायची. ह्या वर्षी मोठ्या स्पर्धांमध्ये उतरणारी टीम निवडायची वेळ आली आणि आमच्यापुढे दोन वाटा होत्या.

एक जुन्या हॉलची टीम. तिथल्या कोचबाई शिडीला लहानपणापासून ओळखतात, पहिल्या दिवसापासून पहिल्या पाच जणींत खेळवीन म्हणाल्या होत्या. तिथली जमीन आप्पांनी बसवलेली, आणि तेव्हा नुकतेच हाताखाली आलेल्या ह्यांनी ती घासलेली. दुसरी नव्या हॉलची. तिथे निवड चाचणी, तिथे शिस्त, आणि तिथले कोच तोंडातली शिट्टी फक्त जेवायला काढतात म्हणून पोरी त्यांना शिट्टीसर म्हणतात. तिथे घेतलं तरी सुरुवातीला बाकावरच बसावं लागणार हे सगळ्यांना माहीत होतं. आणि नव्या हॉलची जमीन बसवली होती मशीनवाल्यांनी.

शिडीला नव्या हॉलवर जायचं होतं. मी तिला विचारलं, अगं, तिथे काय बाक उबवायला जातेस? ती म्हणाली, "आई, जुन्या हॉलवर माझ्या हातातून चेंडू कोणी काढूनच घेत नाही. मग मी शिकणार कशी?" एवढ्याशा पोरीला हे कळतं, आणि ते कोणी शिकवलेलं नाही. मला भरून आलं. मी तिथल्या तिथे ठरवलं की पोरगी जाईल तर नव्या हॉलवर जाईल, मग घरात काहीही होवो.

घरात जे व्हायचं ते झालं. ह्यांचा तिळपापड. म्हणाले, तिथली जमीन कडक असणार, पोरीचे गुडघे जातील. म्हणाले, फळ्यांखाली गादी नीट घातलेली नसणार, मशीनने नुसतं वरवर चकचकीत केलं असणार. मी विचारलं, तुम्ही पाहिलीत का? नव्हती पाहिली. नवा हॉल उघडल्यापासून हे त्या रस्त्यानेच जात नव्हते, खिळे आणायचे झाले तरी मागच्या गल्लीने वळसा घालून जायचे. टीम कशी आहे, कोच कसे आहेत, मुली कशा खेळतात, ह्यातलं एक अक्षर नाही. लोक टीम निवडताना किती जिंकली बघतात, घरापासून लांब किती बघतात. आमच्याकडे जमीन कोणाच्या हातची ह्यावर पोरीचं पुढचं ठरत होतं.

शेवटी मी म्हटलं, एकदा चाचणीला या, स्वतःच्या डोळ्यांनी बघा आणि मग काय ते बोला. मला वाटलं आढेवेढे घेतील, काम आहे म्हणतील. हे एका शब्दात कबूल. त्या दिवशी दाढी केली, इस्त्रीचा शर्ट घातला, माझ्या आधी दारात तयार. मला तेव्हाच संशय यायला हवा होता.

नवा हॉल चांगला आहे. सांगताना जीभ जड होते, पण आहे. दिवे लागले की जमीन मधासारखी दिसते. सांधे कुठे आहेत ते शोधावं लागतं. मी आपली कडा बघत गेले, कारण कडा हे माझं काम, आणि कडेलासुद्धा बोट ठेवायला जागा नव्हती. माझ्याही पोटात बारीक कळ आली. आम्ही सगळ्यांत खालच्या बाकावर बसलो, कोर्टच्या अगदी लगत. जागा ह्यांनीच निवडली होती.

चाचणी सुरू झाली. आधी शिडी बावरलेली होती. एका बुटक्या पोरीने तिच्या हातातून दोनदा चेंडू काढून घेतला, आणि ही वेडी चक्क हसली, खूश होऊन. मग हळूहळू तिचे पाय सुटले. एकीला चुकवलं, दुसरीला चुकवलं, मी अर्धी उठलेच. ह्यांना ढोसायला कोपर मारलं तर कोपर हवेत गेलं. शेजारी कोणी नव्हतं. हे बाकाखाली होते. गुडघ्यांवर बसून, मान तिरकी करून, बोटाच्या पेराने फळ्या ठोकत होते. मी कॉलर धरून ओढलं. हे म्हणाले, एक मिनिट थांब, आणि खिशातून गोटी काढून जमिनीवर ठेवली.

तेवढ्यात टाळ्या वाजल्या. वर बघते तर चेंडू रिंगमधून खाली पडत होता आणि शिडी दोन्ही पायांवर नुकती टेकत होती. तिने पहिल्यांदा आमच्याकडे बघितलं. मी हात उंच केले. पण तिची नजर माझ्या शेजारच्या रिकाम्या जागेवर गेली, आणि तिथून खाली, बाकाखालून बाहेर आलेल्या बापाच्या पाठीवर. तिचा चेहरा कसा झाला ते मी सांगत बसत नाही. आई आहे मी, मला ते आठवायला आवडत नाही.

आणि त्याच वेळी गोटी कोर्टवर आली. चमकत, सरळ रेषेत, मुलींच्या पायांमधून. शिट्टी वाजली. मुली जागच्या जागी उभ्या. गोटीवर पाय पडला असता तर एखादीचा घोटा गेला असता हे सगळ्यांना कळलं, त्यामुळे हॉल चिडीचूप. शिट्टीसरांनी वाकून गोटी उचलली आणि विचारलं, ही कोणाची? हे बाकाखालून निघायला लागले, निघताना डोकं आपटलं. ते उभे राहायच्या आत शिडी म्हणाली, "माझी."

सरांनी गोटी तिच्या हातावर ठेवली आणि तिला बाहेर बसवलं. उरलेला सगळा वेळ ती मूठ मिटून भिंतीशी बसून होती. हे माझ्या शेजारी येऊन बसले, कपाळावर टेंगूळ घेऊन. मी कानात सांगितलं, उठा आणि सांगा तुमची आहे म्हणून. हे उठले नाहीत. दारात हॉलचा रखवालदार उभा होता, आणि रखवालदाराचं आणि मशीनवाल्यांचं रोजचं बोलणं. गोटी घेऊन जमीन तपासायला आला होता, हे मशीनवाल्यांच्या कानावर जाईल ना! ह्या एका भीतीपायी त्यांनी पोरीला तिथे बसू दिलं. मला इतका राग आला होता की हॉल रिकामा असता तर मी त्यांना तिथेच धारेवर धरलं असतं.

घरी आल्याबरोबर शिडीने गोटी किल्ल्यांच्या वाटीत टाकली आणि जिन्यात जाऊन बसली, चेंडू न घेता. मग मी ह्यांच्यावर तुटून पडले. आधी हे गुरगुरले. म्हणाले, जमीन वाकडी आहे, गोटी घरंगळली की नाही, तूच बघितलंस. पण मी आप्पांची मुलगी आहे. उतारावरची गोटी आधी रेंगाळते, मग निघते. ही सुटली होती. मी म्हटलं, "माझ्याकडे बघून सांगा. आपोआप गेली?"

हे खिडकीबाहेर बघत राहिले. मग म्हणाले, "हलेना. दगडासारखी बसली. फुंकर मारली तरी हलेना. मग मला काय झालं कोण जाणे, टिचकी मारली."

हलेना म्हणून हलवली! हसावं की कपाळ बडवून घ्यावं मला कळेना. माणसाच्या पोटात दुखावं, पण किती?

रखवालदाराने त्याचं काम केलंच. निळ्या पिळाची गोटी म्हटल्यावर भाऊजींना वेगळं काही सांगायची गरज नव्हती. संध्याकाळी ताईचा फोन. आधी शिडीची चौकशी, मग माझ्या पाठदुखीची, आणि मग हळूच म्हणाली, काय गं, नाचता येईना अंगण वाकडं असं झालं म्हणे. आणि हसली. मी फोन ठेवला आणि घासलेली भांडी पुन्हा घासायला काढली. नाचता येईना? माझी पोरगी नाचली होती, भर अंगणात नाचली होती, आणि तिच्या बापाने बघितलं नव्हतं. ताईला हे कसं सांगणार?

दुसऱ्या दिवशी शिट्टीसरांचा फोन आला. मुलगी चांगली खेळते म्हणाले, पण चाचणीला खिशात गोट्या घालून येणारी मुलगी त्यांना चालत नाही. घ्यायची की नाही ते विचार करून कळवतो म्हणाले. मी फोनवर काय बोलणार? खरं सांगायचा हक्क ज्याचा होता तो समोर बसून हातोडीचा दांडा घासत होता. तिकडे कोचबाई वाट बघत होत्या, त्यांना नावं पक्की करायची होती. आज हो म्हटलं नाही तर तीही जागा जाणार होती.

संध्याकाळी आम्ही तिघं टेबलाशी बसलो होतो आणि शिडी म्हणाली, मी जुन्या हॉलवर जाते. मी हातातला घास ताटात परत ठेवला. ह्यांचा चेहरा मात्र असा फुलला की बघवेना. म्हणाले, शहाणी माझी शिडी, जुनं ते सोनं. मग खुर्ची पुढे ओढून घेतली आणि लाडात येऊन विचारलं, का ठरवलंस गं, बाबाला सांग की. आप्पांच्या जमिनीचं कौतुक पोरीच्या तोंडून ऐकायचं होतं ह्यांना.

शिडी पाण्याच्या बाटलीवरचा कागद नखाने खरवडत होती. म्हणाली, "तिथली जमीन तू घासलीयस. ती तुला पाठ आहे."

"मग?"

"मग तिथे तू खाली बघणार नाहीस. माझ्याकडे बघशील."

रागाने नाही म्हणाली, रुसून नाही. शाळेचं वेळापत्रक सांगावं तसं सांगितलं आणि बाटली भरायला उठून गेली. हे बसून राहिले. सवयीने खाली बघितलं आणि चटकन मान वर केली. मग कुठे बघावं तेच त्यांना सुचेना. माझ्याकडे बोलण्यासारखं भरपूर होतं, पण पोरीने जागाच ठेवली नव्हती.

सकाळी चहासुद्धा न घेता मला म्हणाले, चल. मागच्या गल्लीने नाही, सरळ रस्त्याने. शिट्टीसर हॉलमध्ये एकटेच चेंडूंत हवा भरत होते. हे त्यांच्यासमोर जाऊन उभे राहिले, आणि मोठ्या आवाजात, कारण रखवालदार दारातच होता आणि त्याला ऐकू जावं असंच ह्यांना वाटत होतं, म्हणाले, "ती गोटी माझी. पोरीने माझ्यासाठी अंगावर घेतलं. शिक्षा करायची तर मला करा."

सरांनी शिट्टी तोंडातून काढली. तिच्याशिवाय तो माणूस अगदी साधा दिसतो. त्यांनी विचारलं, एवढा मोठा माणूस गोटी घेऊन काय करत होता? हे म्हणाले, जमीन वाकडी आहे का ते बघत होतो. सरांनी सहज विचारलं, आहे का? ह्यांचे ओठ हलले. मी मनात म्हणत होते, बोला हो, बोला एकदाचं. नाही बोलता आलं. मुलीला घ्या, एवढंच कसंबसं म्हणाले. पोरीसमोर मान तुकवली, कोचसमोर तुकवली, पण साडूच्या जमिनीबद्दल एक चांगला शब्द घशाबाहेर येईना. सर म्हणाले, मुलीला उद्यापासून सरावाला पाठवा, आणि तुम्ही आलात तर वरच्या बाकावर बसत जा.

कोचबाईंना मीच जाऊन सांगितलं. त्या जरा खट्टू झाल्या, पण म्हणाल्या, जाऊ दे, माझीच पोरगी आहे, तिथे जाऊन माझ्याच टीमला हरवेल.

मग सराव सुरू झाला. हे जमेल तेव्हा जाऊन वरच्या बाकावर बसायचे. सुरुवातीला मान दुखायची म्हणून मला शेक द्यायला लावायचे. मान वर ठेवायची सवयच नाही हो, असं म्हणायचे, आणि मी म्हणायचे, भोगा. दुखणं काही गेलं नव्हतं. आता त्या बुटक्या पोरीच्या बापाचा हेवा सुरू झाला होता, कारण त्याची पोरगी आधीपासून पहिल्या पाच जणींत होती. पण निदान तो हेवा कोर्टवरच्या पोरींकडे बघून चालला होता, त्यांच्या पायाखाली बघून नाही.

नव्या हॉलवर पहिली मोठी मॅच ठरली. ताईचा फोन आला, आम्हीपण येतो, भाचीला बघायला. भाचीला कसलं, आपल्या चकचकीत जमिनीभोवती लोक बसलेले बघायला. पण या म्हटलं. हॉलच्या दारात ह्यांनी खिशात हात घातला आणि गोटी काढून माझ्या हातात दिली. म्हणाले, ही तुझ्याकडे ठेव. मी कोटाच्या खिशात टाकली.

आम्ही चौघं एका ओळीत बसलो. माझ्या डावीकडे ताई तिच्या नखांसकट, उजवीकडे हे, आणि ह्यांच्या पलीकडे भाऊजी. पूर्वीसारखं दोघांनी शेजारी बसायला इतकी वर्षं गेली होती. मॅच सुरू झाली आणि शिडी बाकावर. हे बाकावरच्या शिडीकडे बघत होते. ती बुटाची नाडी सोडून पुन्हा बांधतेय, ती पाणी पितेय, सगळं बघत होते. भाऊजी मात्र चुळबुळत होते. पाय बदलत होते, चष्मा काढत होते, घालत होते. एरवी ते ज्या खोलीत असतील तिथे दुसऱ्याला बोलायला मिळत नाही, आणि आज तोंडातून शब्द नाही. मग ते ह्यांच्याकडे झुकले आणि हळू आवाजात म्हणाले, "त्या दिवशी गोटी ठेवली होतीस म्हणे."

झालं, म्हटलं आता इथेच जुंपणार. हे नुसते हं म्हणाले.

"मग?" भाऊजींनी विचारलं.

त्या प्रश्नात टोमणा नव्हता. मी वळून बघितलं तर त्यांनी दोन्ही हात गुडघ्यांमध्ये दाबून धरले होते, आप्पांसमोर काम दाखवायला उभे राहायचे तेव्हाही असेच आक्रसून जायचे. ताईच्या तोंडून निसटलेलं मला आठवलं. एवढी गाडी, एवढी माणसं, एवढा हॉल, आणि हा माणूस इतकी वर्षं एका काचेच्या गोटीसाठी झुरत होता. ह्यांच्या जिभेवर काय येईल त्यावर त्याचं सगळं अडलं होतं. आणि टिचकीचं फक्त मला माहीत होतं. हे म्हणू शकले असते, घरंगळली. सगळ्या हॉलने बघितली होती घरंगळताना.

खाली शिट्टीसरांनी शिडीला खूण केली. ती उठली, अंगातलं जाकीट काढायला लागली, आणि काढता काढता मान वळवून वरच्या बाकांवर आम्हाला शोधायला लागली. हे तिच्याकडे बघत होते. बघता बघता, मान न वळवता म्हणाले, "हलली नाही."

भाऊजींनी चष्मा काढला आणि बराच वेळ पुसत बसले.

मला मात्र राग आला. खरं सांगते, फार राग आला. एवढं सोन्यासारखं वाक्य, घरात कधी कोणाला न दिलेलं, आणि ते एका क्षणात देऊन मोकळे! निदान जरा ताटकळत तरी ठेवायचं होतं. ताईने विचारलं, काय म्हणाले गं? मी म्हटलं, कुठे काय. खिशात गोटी हाताला लागत होती. मनात आलं, ह्यांचं राहू दे, आपण एकदा हळूच पायाशी ठेवून बघावी, कदाचित इथे वर, ह्या बाकांपाशी तरी...

ह्यांनी मला कोपर मारलं. "अगं, वर बघ."

मी वर बघितलं. शिडीला पहिला चेंडू मिळाला होता, आणि समोरच्या टीममधल्या एका दणकट मुलीने तो तिच्या हातातून सटकन काढून घेतला. सगळ्या हॉलसमोर. शिडी क्षणभर तशीच उभी राहिली, रिकामे हात घेऊन, आणि तिने आमच्याकडे बघितलं. हे बघत होते. ती हसली आणि चेंडूमागे धावली.